गुणवत्ता यादीतला सेंटर फॉरवर्ड

बालाघाट फुटबॉल क्लब हरला की अण्णाराव जेवत नसत, असं त्यांच्या घरी कोणी म्हणत नसे. तसं असतं तर ते कधीच उपाशी मेले असते. क्लब हरल्यावर ते चांगल्या दोन भाकरी जास्त खात, कारण दुपारभर मैदानावर ओरडून पोटात खड्डा पडलेला असे.

हे ओरडणं त्यांच्या प्रकृतीला फार गरजेचं होतं. ते एका ज्युनिअर कॉलेजात परीक्षा विभागात कारकून होते, आणि गुप्तता इतकी अंगात मुरलेली की कोणी "किती वाजले?" विचारलं तरी आधी मागे वळून कोणी ऐकत नाही ना हे बघत. घरी बायको महादेवी. तिची लिंगपूजा होईपर्यंत घरात भांडंसुद्धा वाजायचं नाही. सोमवारी दिवसभर मौन, अमावास्येला उपास, श्रावणात पोथी. उरलेल्या दिवशी कुठलंतरी छोटं व्रत चालू असेच, आणि व्रत असलेल्या घरात कठोर शब्द उच्चारू नये हे तिचं म्हणणं ती इतक्या हळू आवाजात सांगे की त्याला उत्तर देणं म्हणजे देवळात चप्पल घालून जाण्यासारखं वाटे. तेव्हा माणसानं बोलायचं कुठं? रविवारी, मैदानाच्या पश्चिमेच्या पायऱ्यांवर.

आता लातूरच्या सरळ माणसाला फुटबॉलची बाधा कशी झाली? भूकंपानंतर त्यांच्या गल्लीनं कित्येक महिने याच मैदानावर मुक्काम ठोकला होता. घरं उभी होती, पण आत झोपायची कोणाची छाती होईना. अण्णारावांची ताडपत्री गोलपोस्टला बांधलेली, शेजारच्या आनंदराजची दुसऱ्या टोकाला. पहाटे जमीन नुसती हलल्याचा भास झाला तरी माणसं उठून बसत, आणि समोर क्लबची पोरं बॉल मारताना दिसली की जीव भांड्यात पडे. पुढं गल्ली घरात झोपायला गेली, पण मैदान काही सुटलं नाही. क्लबचं मात्र तेव्हापासून बिनसलं ते बिनसलंच. गोलपोस्टवर महिनोन्महिने धोतरं वाळत घातल्याचा तो दोष आहे असं काही लोक म्हणत, पण अण्णारावांना कारण ठाऊक होतं: निवड!

काय तर म्हणे निवड! गोलकीपर घेतला, का तर त्याच्याकडे स्वतःचे हातमोजे होते. सेंटर फॉरवर्ड घेतला, का तर त्याचे काका गोलला नवी जाळी देणार होते. जाळी आली, आणि तिच्यात बॉलही भरपूर गेले, फक्त ते आपल्याच बाजूच्या जाळीत. फुलबॅक देवणीचा होता. क्लबचे सेक्रेटरी फारूकभाई जनावरांच्या बाजारात गेले असताना त्यांनी त्याला एक बिथरलेला वळू शिंगाला धरून थांबवताना पाहिलं. जो वळू थांबवतो तो फॉरवर्ड थांबवणार नाही का? हिशेबात चूक काहीच नव्हती. फक्त नांदेडचे फॉरवर्ड शिंगं घेऊन येत नसत.

त्या रविवारी नांदेडच्या गोदातीर क्लबनं बालाघाटला पाच गोल घातले. पाचव्या गोलाला अण्णाराव पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी निवड समितीच्या सात पिढ्या मोजायला घेतल्या. तिसऱ्या पिढीपर्यंत आले तोच खांद्यावर हात पडला. फारूकभाई. बसस्टँडमागं त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि माणूस असा थंड की उन्हाळ्यात शेजारी बसावं.

"गळा दुखत असंल, अण्णा."

"दुखतोय. तुमच्या टीमनं दुखवलाय."

"मंग असं करा. पुढच्या सालची टीम तुमीच निवडा. कोणाला बी घ्या, कसं बी घ्या, मी एक लफ्ज बोलणार न्हाई. नांदेडला हरवलं तर जिंदगीभर आमाला शिव्या द्या, हात बांधून ऐकू. हरलात, तर हितं येऊन बसायचं, शेंगा खायच्या आन् तोंड उघडायचं न्हाई. कधीच न्हाई."

"शेंगा खायला तरी उघडावं लागंल की," आनंदराज म्हणाला. तो पोस्टात होता आणि नियमातली फट त्याला लगेच दिसे.

"तेवढी सूट," फारूकभाई म्हणाले.

पायऱ्यांवरची सगळी गल्ली वळून बघत होती. अण्णाराव म्हणाले, "मंजूर." शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय पणाला लावलं. ऑफिसात बोलायचं नाही, घरात बोलायचं नाही, आणि आता पश्चिमेच्या पायऱ्याही गेल्या तर माणूस बोलणार कुठं? पोटात ठेवून ठेवून एखाद्या दिवशी फुटेल की!

दुसऱ्या दिवशी त्यांनी महादेवीला सगळं सांगितलं. सोमवार होता. तिनं ऐकलं, देवाला बेल वाहिला, आणि ऑपरेशनला निघालेल्या माणसाकडे बघतात तसं नवऱ्याकडे बघितलं.

निवड कशी करायची याबद्दल अण्णारावांच्या मनात तिळभर शंका नव्हती. लातुरात चांगल्या गोष्टींची निवड कशी होते हे शेंबड्या पोराला कळतं. गावोगावची मुलं ट्रंका घेऊन इथं येत होती त्यांना कॉलेजं काय तोंड बघून घेत होती? परीक्षा! वस्तुनिष्ठ प्रश्न, चार पर्याय, चुकलं की गुण वजा.

"अण्णा, मैदानावर पळवून बघा की पोरांना," आनंदराज म्हणाला. "बॉल द्या. मारतात का बघा."

"पळण्यात वशिला चालतो, आनंदराज. पेपरात चालत नाही."

आनंदराज कपाळावर हात मारून पोस्टात निघाला.

कोपऱ्यावरचे किराणावाले सिद्रामप्पा म्हणाले, "पेपर काढा, पण दोन जागा मॅनेजमेंटच्या ठेवा बघा. माझा पुतण्या हाय. बॉल न्हाई येत त्याला, पण पोरगं लई गुणी हाय." समोरच्या मास्तरांनी सांगितलं, फेरतपासणीची सोय ठेवा, नाहीतर लोक कोर्टात जातील. महादेवी पूजा आटोपून इतकंच म्हणाली, "अहो, पेपरात पाय कुठं येतात?" पण ते इतकं हळू की अण्णारावांनी ऐकलंच नाही असं ठरवता आलं.

परीक्षेला हॉल पाहिजे. कॉलेज म्हणालं, खेळाच्या कचेरीतून ना हरकत आणा. खेळाच्या कचेरीतला माणूस म्हणाला, "परीक्षा म्हणता? मग हे शिक्षणात गेलं." शिक्षणाच्या कचेरीतल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "फुटबॉल म्हणजे पायानं खेळतात तोच ना? मग हे खेळात येतं." अण्णारावांनी विनवून सांगितलं की परीक्षा हातानं लिहायची आहे. "मग तसं सुरुवातीलाच सांगायचं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्यांना परत खेळाकडे धाडलं. त्या आठवड्यात अण्णाराव दोन कचेऱ्यांमध्ये इतके फिरले की टीममध्ये कोणी नाही मिळालं तर ते स्वतः मिडफिल्डला चालले असते.

अखेर हॉल मिळाला आणि स्थानिक साप्ताहिकात जाहिरात आली. तिथंच घोटाळा झाला. जाहिरातीच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात होतं 'प्रवेश परीक्षा', आणि कशाची ते खाली बारीक. लातुरातल्या पालकांनी डोक्यावरचं वाचलं आणि मुलांची नावं घातली. बारीक अक्षर वाचत बसायला वेळ कोणाला होता? बाहेरगावचे पालक तर थेट घरी यायला लागले. उदगीरहून आलेल्या एका गृहस्थांनी चहा घेता घेता विचारलं, "मेडिकलला चालतं का हो हे?"

"हे फुटबॉल आहे," अण्णाराव म्हणाले.

"असू द्या की. पण चालतं का?"

मग कोणीतरी उठवलं की खेळाडूंना बारावीला जादा गुण मिळतात. झालं! एका क्लासच्या सरांनी फुटबॉलची खास बॅच काढली. नोट्स निघाल्या, अपेक्षित प्रश्नसंच निघाला. ऑफसाइडची व्याख्या मुलं रस्त्यानं पाठ करत चालली. बॅचमध्ये बॉल नव्हता. पेपरात बॉल विचारणार नाहीत, असं सरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

निकाल लागला तेव्हा अण्णारावांची छाती भरून आली. काय मुलं, काय गुण! पहिला आलेला मुलगा परभणीचा, हुशारीनं चेहरा पिवळा पडलेला. पहिल्या अकरात आठ जणांना चष्मा. क्लबचे जुने गडी पार तळाला. देवणीच्या फुलबॅकनं पेपरात फक्त नाव लिहिलं होतं, त्यामुळं त्याला शून्य मिळून तो यासेरच्या वर गेला. यासेर म्हणजे फारूकभाईंचा पुतण्या, क्लबचा लेफ्ट विंगर. त्यानं सगळे प्रश्न हिमतीनं सोडवले होते.

"चचा, मला मायनस पडले," तो अण्णारावांच्या घरी येऊन म्हणाला. "म्हंजी मला फुटबॉल येत न्हाई असं बी न्हाई. येत न्हाई त्याच्यापेक्षा कमी येतो. पंधरा साल झाले खेळून राहिलो, हे कसं काय?"

"पुढच्या वेळी माहीत नसलेला प्रश्न सोडून दे," अण्णारावांनी मनापासून सल्ला दिला.

मग जागावाटप. ते गुणांप्रमाणेच व्हायचं, नाहीतर यादीला अर्थ काय? पहिल्या मुलाच्या वडिलांनी सेंटर फॉरवर्ड घेतला. दुसऱ्याच्या आईनंही सेंटर फॉरवर्डच मागितला, भरला म्हटल्यावर डोळ्यांना पदर लावला आणि नाइलाजानं राइट विंग घेतली. गोलकीपरची जागा शेवटपर्यंत कोणी घेईना. ती अकराव्या मुलाच्या गळ्यात पडली. त्याचे वडील मान खाली घालून निघाले तेव्हा इतर पालकांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "मन खचू देऊ नका," एकजण म्हणाला. "पुढच्या वर्षी रिपीट करू द्या त्याला."

पहिला सराव बघायला गल्ली लोटली. पोरं ओळीत उभी राहिली, आया छत्र्या घेऊन कडेला. अण्णारावांनी शिट्टी फुंकली आणि बॉल परभणीच्या मुलाकडे सरकवला. मुलगा बॉलकडे बघत राहिला.

"मार की!"

"सर, कोणत्या पायानं ते दिलेलं नाही."

बॉल समोर आला की तिघं थांबून आपसात चर्चा करत आणि चौथा बॉल घेऊन जाई, तोही हातात. ऑफसाइड सगळ्यांना इतकं पक्कं पाठ होतं की त्या भीतीनं कोणी मधली रेघच ओलांडेना. एका वडिलांनी विचारलं, हा पोर्शन दिवाळीपर्यंत संपेल ना? पायऱ्यांवर आनंदराज रुमालात तोंड खुपसून बसला होता, त्याचे खांदे हलत होते. अण्णाराव मनाशी म्हणाले, पाया पक्का आहे, फक्त प्रॅक्टिकल कच्चं आहे.

महादेवीनं मात्र त्या मुलांसाठी रोज दिवा लावायला सुरुवात केली. "जिंकू दे असं नाही मागितलं," ती म्हणाली. "इतकं मोठं मागणं बरं दिसत नाही. कोणाचं हाड मोडू नको, एवढंच म्हटलं."

देवानं ते अक्षरशः ऐकलं. नांदेडला जायच्या आदल्या दिवशी सगळ्या क्लासेसनी मिळून सराव परीक्षा जाहीर केली. दुपारपर्यंत परभणीच्या मुलाचे वडील आले, मग दुसऱ्याची आई, मग रांगच लागली. "फुटबॉल काय, पुढच्या वर्षीही असतंय हो," असं म्हणून त्यांनी आपापले गुणवंत नेले. अण्णारावांनी दुसरी यादी काढली. ती मुलंही त्याच परीक्षेला. तिसरी काढली. यादी उतरता उतरता संध्याकाळी शून्यावर आली आणि शून्याच्या खाली गेली.

सकाळी बसस्टँडवर नांदेडच्या गाडीपाशी अण्णारावांच्या गुणवत्ता यादीनं निवडलेले अकरा खेळाडू उभे होते: हातमोजेवाला गोलकीपर, जाळीवाल्या काकांचा पुतण्या, देवणीचा फुलबॅक, यासेर आणि बाकीचे सगळे जुनेच.

"वाह अण्णा," फारूकभाई म्हणाले. "काय टीम निवडली! एकदम ओळखीची वाटून राहिली."

अहमदपूर गेलं, लोहा गेलं, अण्णाराव खिडकीतून बाहेर बघत बसले. एक नवाच पेच त्यांना पडला होता. टीम हरली तर निवडणारे आपण. आणि जिंकली, तर इतकी वर्षं ज्या निवडीला शिव्या घातल्या ती बरोबर होती असं होणार. मग पुढं शिव्या घालायच्या कशाला? देवाकडे काय मागावं हेच कळेना. त्यांनी शेवटी महादेवीचं मागणं उसनं घेतलं, कोणाचं हाड मोडू नको म्हणाले, आणि बालाघाट तीन गोलांनी हरलं.

"मागच्यापेक्षा दोन कमी," अण्णारावांनी परतीच्या गाडीत लक्षात आणून दिलं.

"हरलं ते हरलं," फारूकभाई म्हणाले, आणि त्यांनी कागदाच्या पुडीतल्या शेंगा पुढं केल्या.

पुढचा हंगाम सुरू झाला. अण्णाराव शब्दाचे पक्के. पायऱ्यांवर येत, शेंगा खात, आणि गोल झाला की त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगत, चेहरा तांबडा होई, आणि तोंडातून एका शेंगेचा आवाज येई. पण पोटात साठलेलं कुठंतरी निघणारच! ते घरी निघायला लागलं. "ह्या आमटीत मीठ कोणत्या समितीनं टाकलं?" "हा दूधवाला कोणाच्या वशिल्यानं आला?" समईची वात विझली तर तिच्या निवडीपासून सुरुवात. एका सोमवारी महादेवी डोळे मिटून बसलेली असताना मागून गर्जना झाली, "अगं हे झुरळ बघ, डिफेन्सच नाही घरात!" आणि कित्येक वर्षांत प्रथमच महादेवीचं मौन मोडलं. तोंडून "शिव शिव" निघून गेलं.

पुढच्या रविवारी उदगीरशी सामना होता. महादेवी पूजा आटोपून, डोक्यावर पदर घेऊन तयार झाली. "मीही येते," म्हणाली.

पायऱ्यांवर जागा करून दिली गेली. खेळ सुरू झाला आणि जरा वेळात उदगीरनं पहिला गोल केला. अण्णाराव शेंगेसकट थरथरले. मग तिच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले. महादेवी उठून उभी राहिली.

"अण्णा, शर्त हाय!" फारूकभाई खालून म्हणाले.

"शर्त अण्णांच्या तोंडाची हाय," आनंदराज म्हणाला. "वहिनींच्या न्हाई."

महादेवीचा आवाज एरवी देव्हाऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत पोचत नसे. पण ती उभी राहिलेली बघून पायऱ्या गप्प झाल्या, मग मैदान गप्प झालं, रेफरीनं शिट्टी तोंडातून काढली.

"गोलकीपरदादा," ती म्हणाली, "हे हाताला मेंदी लावलीय का असं काहीतरी विचारत होते, ते राहू द्या. मीच विचारते. बॉल आला की तुम्ही डोळे मिटता, ते देवाचं नाव घ्यायलाच ना? घ्या हो. फक्त डोळे उघडे ठेवून घेतलेलं नावही त्याला पोचतं."

कोणी हसलं नाही. गोलकीपर स्वतःच्या हातमोज्यांकडे बघू लागला. दुसरा गोल झाला. अण्णाराव पुन्हा वाकले, महादेवी पुन्हा उठली.

"फुलबॅक बाळा, मघापासून एका जागी उभा आहेस, पायाला मुंग्या आल्या असतील. तुझी आई भेटली होती रे मला. माझा लेक लातूरला खेळतो म्हणून भेटेल त्याला सांगत होती. मी काही बोलले नाही तिला."

वळू थांबवणाऱ्या त्या गड्यानं बाहीनं डोळे पुसले. बॉल त्याच्या शेजारून गेला तेही त्याला दिसलं नाही, आणि यासेरनं तो गडबडीत उदगीरच्याच पोराच्या पायात दिला.

"यासेर बेटा," महादेवी म्हणाली, "दानधर्म चांगलाच. पण उदगीरची पोरं काही इतकी गरीब नाहीत."

हाफटाइमची शिट्टी झाली तशी अख्खी टीम पाणी न पिता पायऱ्यांकडे धावत आली. त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात चांगलं पळणं तेच. यासेरनं हात जोडले.

"चाची, खुदा के वास्ते! चचांना बोलू द्या. त्यांच्या शिव्या ह्या कानातून जातात, त्या कानातून निघतात. तुमचं बोलणं आत जाऊन बसून राहिलंय. आज रातच्याला जेवण बी जाणार न्हाई."

"मी कुठं अडवलंय?" महादेवी म्हणाली. "फारूकभाईंनी घातलीय अट."

अकरा जणांनी फारूकभाईंकडे बघितलं. फारूकभाईंनी पायऱ्यांकडे बघितलं, महादेवीकडे बघितलं, आणि महादेवी आता त्यांच्याशीच काहीतरी बोलायला तोंड उघडतेय असं दिसताच घाईनं म्हणाले, "शर्त खतम! बोला अण्णा, बोला! आन् असं करा, हे निवडीचं बी तुमीच बघा. समितीवर घेतो तुमाला, कायमचं."

"समिती?" अण्णाराव एक पाऊल मागे सरकले. "छे छे! टीम तुम्हीच निवडायची, फारूकभाई, आणि अशीच निवडायची. मी निवडायला लागलो तर शिव्या कोणाला देऊ?"

त्यांनी शेंगांची पुडी आनंदराजच्या हातात दिली, घसा साफ केला, आणि निवड समितीची चौथी पिढी काढली.